न दुखणारी जखम : मधुमेही व्यक्तीच्या पायांची निगा

सीताबर्डीला लागून असलेली धंतोली ही नागपुरातील एक जुनी निवासी वस्ती. गेल्या काही दशकांत तिच्या गल्ल्यांतून रुग्णालये, दवाखाने, तपासणी केंद्रे आणि औषधांची दुकाने इतकी दाटीने उभी राहिली आहेत की, आज तिची मुख्य ओळख औषधोपचाराचे ठिकाण अशीच झाली आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, यवतमाळ येथून आणि सीमेपलीकडील बालाघाट, छिंदवाडा, बैतूल या जिल्ह्यांतूनही रुग्ण येथे येतात. त्यांच्यात पायाला पट्टी गुंडाळलेले, मुलाच्या किंवा सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन चालणारे मधुमेही रुग्णही असतात. अशा अनेकांच्या पायाची जखम त्या दिवशीची किंवा त्या आठवड्यातली नसते. ती कित्येक आठवड्यांची असते.

इतके दिवस हे रुग्ण का थांबले? दारिद्र्य, प्रवासाचा खर्च, शेतीची कामे ही कारणे खरीच आहेत. परंतु सर्वांत मोठे कारण निराळे आहे. जखम दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे ती किरकोळ आहे, आपोआप भरून येईल, अशी आपणा सर्वांची समजूत असते. मधुमेही व्यक्तीच्या पायाच्या बाबतीत ही समजूत घातक ठरते. पायाला जखम असावी आणि ती दुखू नये, हेच मुळी धोक्याचे लक्षण आहे. ही एक गोष्ट आमच्या वाचकांनी पक्की लक्षात ठेवावी, म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहोत.

हा प्रश्न किती मोठा आहे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या कोणत्याही धर्मग्रामात मधुमेही व्यक्ती नाहीत असे होणे शक्य नाही.

मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या पायाला आयुष्यात केव्हा तरी व्रण होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के इतकी मानली जाते. म्हणजे साधारणपणे चार-पाच जणांतून एकाला, किंबहुना तीन जणांतून एकाला. मधुमेहामुळे पाय किंवा पायाचा भाग कापावा लागतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याची सुरुवात अशाच एका लहान व्रणातून झालेली असते. याचा दुसरा अर्थ आशादायक आहे. तो व्रण टाळता आला किंवा वेळीच बरा करता आला, तर पाय वाचतो.

जखम होते कशी?

मधुमेही पावलावर तीन संकटे एकत्र येतात.

पहिले संकट नसांचे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की, पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा ऱ्हास होतो. प्रारंभी मुंग्या येतात, तळपायांची आग होते, रात्री पाय जळजळतात. काही काळाने ही आग थांबते. रुग्णाला वाटते की आपण बरे झालो. प्रत्यक्षात संवेदना नाहीशी झालेली असते. चपलेत खडा अडकला तरी कळत नाही, खिळा रुतला तरी कळत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. याच ऱ्हासामुळे पायाला घाम येणे कमी होऊन कातडी कोरडी पडते व टाचांना भेगा जातात. पायाचे लहान स्नायू दुबळे होतात, बोटे वाकतात आणि शरीराचा भार नको त्या ठिकाणी पडू लागतो. तेथे घट्टे पडतात, आणि घट्ट्याखाली नकळत व्रण तयार होतो.

दुसरे संकट रक्तपुरवठ्याचे. मधुमेहात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद व कठीण होतात. जखम भरण्यासाठी लागणारे रक्त, प्राणवायू आणि औषधसुद्धा तेथपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हा धोका कित्येक पटींनी वाढतो. विदर्भात घराघरांत शिरलेला खर्रा हाही तंबाखूच आहे, हे येथे सांगितले पाहिजे.

तिसरे संकट जंतूंचे. वाढलेल्या साखरेमुळे शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. उघड्या जखमेतून जंतू आत शिरतात व कातडीखालून, स्नायूंच्या आवरणांतून पसरत थेट हाडापर्यंत पोहोचतात. वरून जखम रुपयाएवढी दिसते आणि आत पू पसरलेला असतो.

वेदना ही पहारेकरी आहे

वेदनेचे मोल वैद्यकशास्त्राला कुष्ठरोग्यांच्या सेवेतून उमगले, आणि त्या सेवेशी आपला प्रदेश जवळून परिचित आहे. १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी आणि पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन येथे बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी जे कार्य उभे केले, ते सर्वांना ठाऊक आहे. कुष्ठरोगात हातापायांची बोटे रोगाने 'गळून पडतात' असा पूर्वी समज होता. तमिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ साली रुजू झालेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी हा समज खोटा ठरविला. रोगाने नसा बधिर होतात. मग रुग्ण गरम भांडे उचलतो, जखमेवरच चालत राहतो, आणि त्या वारंवार होणाऱ्या इजेमुळे बोटे नष्ट होतात, असे त्यांनी दाखवून दिले. निरोगी माणसाच्या पायाला फोड आला की तो आपोआप लंगडू लागतो आणि त्या लंगडण्यानेच फोडाला विश्रांती मिळते. वेदना नसलेला माणूस लंगडत नाही. तो त्याच फोडावर हजारो पावले टाकतो.

आपल्या ख्रिस्तसभेला या सत्याचे एक उदाहरण फार पूर्वीपासून माहीत आहे. मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे संत डॅमियन यांनी १८८४ साली आपला पाय कढत पाण्यात ठेवला. कातडीला फोड आले, पण त्यांना काहीच जाणवले नाही. त्या क्षणी, आपल्यालाही तो रोग जडला आहे, हे त्यांना उमजले. आज मधुमेहामुळे नेमके हेच, कोणताही जंतू नसताना, असंख्य घरांत घडत आहे. थंडीत शेकोटीजवळ पाय शेकणे, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणे, ताटलीत कढत पाणी घेऊन त्यात पाय सोडणे, यांतून भाजल्याच्या जखमा होतात आणि त्या सकाळी चादरीवरच्या डागावरून कळतात.

डॉ. ब्रँड १९६० च्या दशकात अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे १८९६ पासून 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' या संघाच्या धर्मभगिनी शुश्रूषा करीत होत्या. भारतात कुष्ठरुग्णांवर वापरलेली प्लास्टरची पद्धत, मऊ रबराची पादत्राणे आणि पायाच्या रोजच्या तपासणीची शिस्त ही मधुमेही रुग्णांनाही तितकीच उपयोगी पडते, हे पुढे सिद्ध झाले. भारतातील कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांनी जे शिकविले, त्यावर आज जगभर मधुमेही रुग्णांचे पाय वाचविले जातात.

धंतोलीतून झालेले कार्य

या विषयात धंतोलीचे नाव देशाबाहेरही पोहोचले, ते मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांच्या कार्यामुळे. धंतोलीतील त्यांच्या मधुमेह चिकित्सालयातून मधुमेही पावलांच्या विकारांचा दीर्घकाळ अभ्यास झाला आणि या विषयावर त्यांचे ग्रंथही प्रसिद्ध झाले. गरीब घरांतील मधुमेही मुलांना मोफत इन्शुलिन मिळावे म्हणून नागपुरात 'ड्रीम ट्रस्ट' हा न्यास स्थापन झाला, त्यामागेही तेच होते.

२००३-०४ च्या सुमारास 'वर्ल्ड डायबेटीस फाउंडेशन' या संस्थेच्या साहाय्याने 'स्टेप बाय स्टेप' नावाचा प्रकल्प सुरू झाला. डॉ. पेंडसे, टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास आणि नेदरलँड्सचे डॉ. कॅरेल बाकर हे त्याच्या प्रवर्तकांपैकी होत. भारत, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ आणि टांझानिया या देशांत तो राबविण्यात आला. त्याची रचना साधी होती. एक डॉक्टर आणि त्यांच्याबरोबर एक परिचारिका किंवा साहाय्यक, अशा जोडीला एकत्र प्रशिक्षण द्यायचे. आधी प्राथमिक, काही काळाने पुढचे. पाय तपासण्याची साधने त्यांना द्यायची आणि त्यांनी आपल्या गावी परत जाऊन हे काम करायचे.

यात परिचारिकेला दिलेले स्थान आम्हास विशेष महत्त्वाचे वाटते. पाय वाचविण्यासाठी प्रत्येक वेळी मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. बहुतेक वेळा लागते ती पाय नीट पाहणारी नजर, घट्टा हलक्या हाताने काढणारे कसब आणि रुग्णाला समजेल अशा शब्दांत सांगण्याचा धीर. २००५ सालच्या जागतिक मधुमेह दिनाचा विषयही 'मधुमेह आणि पायांची निगा' हाच होता.

घरी करावयाची तपासणी

संवेदना शाबूत आहे की नाही, हे घरच्या घरी ताडून पाहण्याची एक सोपी रीत इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी २०११ साली मांडली. रुग्णाने डोळे मिटून आडवे व्हावे. घरातील व्यक्तीने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करावा. दाबू नये, घासू नये. स्पर्श जाणवला की रुग्णाने सांगावे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय बधिर होऊ लागले आहेत असे समजून डॉक्टरांची भेट घ्यावी.

दवाखान्यात डॉक्टर नायलॉनचा एक बारीक तंतू तळपायावर तो वाकेपर्यंत टेकवतात. त्याचा दाब १० ग्रॅमइतका असतो. तो जाणवला नाही, तर पायाचे संरक्षण गेले असे मानतात. त्याशिवाय पायातील नाडीचे ठोके हाताने तपासतात आणि गरज भासल्यास घोट्याचा व दंडाचा रक्तदाब यांची तुलना करतात. या तपासणीला काही मिनिटे पुरतात. ती प्रत्येक मधुमेही व्यक्तीने वर्षातून किमान एकदा करून घ्यावी. पाय बधिर असल्यास किंवा रक्तपुरवठा कमी असल्यास सहा महिन्यांनी वा वर्षाने, त्यात आणखी दोष असल्यास तीन ते सहा महिन्यांनी, आणि पूर्वी व्रण झाला असल्यास एक ते तीन महिन्यांनी तपासणी हवी. डॉक्टरांनी बूट-मोजे काढावयास सांगितले नाहीत, तर आपण स्वतःहून ते काढावेत आणि 'माझे पाय पाहा' असे नम्रपणे सांगावे. यात संकोचाचे काहीच नाही.

रोजचे नियम

१. रात्री झोपण्यापूर्वी चांगल्या उजेडात दोन्ही पाय पाहावेत. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा. दृष्टी अधू असल्यास घरातील कोणीतरी हे काम करावे. बोटांच्या बेचकीत ओलसरपणा, भेग, फोड, लाली, सूज, रंगातील फरक पाहावा.

२. पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाणी किती गरम आहे, हे पायाने नव्हे तर कोपराने पाहावे. पाण्यात फार वेळ पाय बुडवून ठेवू नयेत. बोटांमधील जागा कोरडी पुसावी. टाचांना खोबरेल तेल किंवा साधे मलम लावावे, बोटांच्या बेचकीत लावू नये.

३. नखे सरळ कापावीत, कडा खोलवर कोरू नयेत.

४. कुरूप किंवा घट्टा ब्लेडने कापू नये. कुरुपावर लावायच्या औषधी पट्ट्यांत आम्ल असते. त्या बधिर पायाला जाळतात.

५. घरातसुद्धा अनवाणी चालू नये. पादत्राण घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावे व आतून हात फिरवावा.

६. अंगठ्याच्या पट्ट्याची रबरी चप्पल बधिर पायाला योग्य नाही. पट्टा बोटांच्या बेचकीत घासतो आणि चप्पल पायातून निसटते. मागे पट्टा असलेली, पुढे रुंद, आत मऊ व खाली टणक तळ असलेली पादत्राणे घ्यावीत. ती संध्याकाळी विकत घ्यावीत. तोवर पायाला थोडी सूज आलेली असते आणि माप बरोबर मिळते. बोटांत रुतणारी जोडवी काढून ठेवावीत.

७. तंबाखू कोणत्याही रूपात नको. साखर, रक्तदाब आणि चरबी यांवरील औषधे चुकवू नयेत.

येथे आपल्या धार्मिक आचाराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. उपवासकाळात क्रूसाची वाट अनवाणी करण्याचा किंवा नवस म्हणून तीर्थस्थळी अनवाणी चालत जाण्याचा प्रघात काही कुटुंबांत आहे. गुड फ्रायडे मार्च-एप्रिलमध्ये येतो. नागपूरच्या उन्हात त्या दिवसांत डांबर आणि फरशी इतकी तापते की, बधिर पायाची कातडी काही मिनिटांत भाजू शकते, आणि भाविकाला ते कळतही नाही. मधुमेही व्यक्तीने पादत्राणे घालूनच चालावे. शंका असल्यास आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. आजारी व्यक्तीने आपल्या देहाला इजा करून घ्यावी, असे ख्रिस्तसभा सांगत नाही.

जखम झालीच तर

त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना पाय दाखवावा. तोवर जखम स्वच्छ पाण्याने धुऊन तिच्यावर निर्जंतुक पट्टी बांधावी आणि त्या पायावर चालणे बंद करावे. हळद, चुना, तंबाखू, राख, झाडपाल्याचा लेप यांपैकी काहीही लावू नये. जखमेच्या भोवतीची लाली पसरत असेल, दुर्गंधी येत असेल, बोट काळे-निळे पडले असेल, ताप आला असेल किंवा साखर एकाएकी वाढली असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अशा वेळी काही तासांनीही फरक पडतो.

आणखी एक अवस्था ओळखावी. जखम नाही, फार दुखत नाही, पण एक पाऊल लाल, सुजलेले आणि दुसऱ्यापेक्षा गरम आहे. अशा वेळी पायाची हाडे आतून ढासळत असण्याचा संभव असतो. या विकारास 'शार्को' पाय म्हणतात. मुरगळले असेल म्हणून तेल चोळत बसल्यास पायाचा आकार कायमचा बिघडतो.

उपचारात काय केले जाते?

योग्य उपचाराची चार अंगे आहेत. पहिले, मेलेल्या ऊती व घट्टे कापून जखम स्वच्छ करणे. ही क्रिया पाहून घरच्यांना वाटते की डॉक्टरांनी जखम मोठी केली; वस्तुतः मृत भाग काढल्याशिवाय नवी कातडी येत नाही. दुसरे, जंतुसंसर्ग असल्यास प्रतिजैविके देणे, पू निचरून काढणे आणि हाडाला लागण झाली आहे का ते तपासणे. जंतुसंसर्ग नसलेल्या जखमेला प्रतिजैविकांची गरज नसते, म्हणून ती दुकानातून आपल्या मनाने आणून घेऊ नयेत. तिसरे, रक्तपुरवठा तपासणे. तो अपुरा असल्यास अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद करतात किंवा शस्त्रक्रियेने पर्यायी मार्ग तयार करतात. एखाद्याचा पाय कापण्याचा सल्ला मिळाला असेल व तात्काळ जिवाला धोका नसेल, तर रक्तवाहिन्यांची तपासणी झाली आहे का, हे कुटुंबाने अवश्य विचारावे.

चौथे अंग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. ते म्हणजे जखमेवरचा भार काढणे. तळव्याच्या व्रणासाठी गुडघ्यापर्यंतचे, पायाला नेमके बसणारे आणि रुग्णाला काढता न येणारे प्लास्टर किंवा तसे साधन उत्तम मानले जाते. काढता येणारे साधन दिले की, रुग्ण घरात ते काढून ठेवतो व चालतो. महागडे मलम लावून त्याच जखमेवर चालत राहणे, म्हणजे एका हाताने विहीर खणावी आणि दुसऱ्या हाताने बुजवावी तसे आहे.

जंतुसंसर्ग जिवावर बेतला, तर बोट किंवा पाय कापावाच लागतो. तेव्हा तो निर्णय लांबविणेही योग्य नव्हे. कृत्रिम पाय लावून माणसे पुन्हा कामाला लागतात. मात्र दुसऱ्या पायाची निगा तेव्हा दुप्पट घ्यावी लागते. व्रण बरा झाला तरी सुमारे ४० टक्के रुग्णांत वर्षाच्या आत तो पुन्हा उद्भवतो. म्हणून 'बरा झाला' यापेक्षा 'सध्या शांत आहे' असे समजून काळजी चालू ठेवावी.

खर्चाच्या भीतीने कोणी घरी बसू नये. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे 'मेयो' रुग्णालय आणि मिहान येथील एम्स उपलब्ध आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखालील रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' नेमलेले असतात; शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन त्यांना भेटावे आणि आपल्या उपचाराचा समावेश योजनेत आहे का, ते विचारावे.

आपण काय करू शकतो?

घरातील आजी-आजोबा स्वतःचा तळवा पाहू शकत नाहीत. वाकता येत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि मुलांना त्रास नको म्हणून ते बोलतही नाहीत. नातवंडांनी रोज रात्री दोन मिनिटे त्यांचे पाय पाहिले, तर ते काम कोणत्याही यंत्राहून मोलाचे ठरेल. आपल्या धर्मग्रामांतील महिला मंडळांनी आणि आजाऱ्यांना भेटी देणाऱ्या सेवकांनी घरभेटीच्या वेळी रक्तातील साखरेबरोबर पायांचीही चौकशी करावी. धर्मग्रामात परिचारिका असतील, तर त्यांच्या मदतीने रविवारच्या मिस्सानंतर वर्षातून एकदा पायतपासणीचे शिबिर घेता येईल. त्यासाठी एक खुर्ची, चांगला उजेड, नायलॉनचा तो तंतू आणि नावांची वही एवढे पुरेसे आहे.

मधुमेही बंधुभगिनींना आमची एवढीच विनंती आहे की, पाय दुखत नाही म्हणून डॉक्टरांकडे जाण्याचे पुढे ढकलू नये. जखम असून पाय दुखत नाही, याच कारणासाठी आजच जावे.